नाताळच्या गोठ्यातली नाचणी कधी पेरायची?

खानापूरकडच्या चर्चमध्ये युवकांचा गोठा (येशूजन्माचा देखावा) आहे, आठ बाय सहा फूट. नाताळच्या आदल्या रात्रीच्या मिस्साला (प्रार्थनाविधीला) दोन-तीन इंच हिरवळ हवी. गेल्या वेळी नाचणीला बुरशी आली. काय चुकलं असेल?

— दाट पेरलं असणार, नाहीतर पाणी साचलं. १० डिसेंबरला पेरा. नाचणी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात एक दिवस बांधा, मोड डोकावले की मगच पेरा. ट्रेला खालून भोकं, दोन इंच चाळलेली माती, दाण्यांचा एकच थर. पाणी फवाऱ्यानंच. वर ओलं गोणपाट टाका, पण कोंब वर आले की त्याच दिवशी काढा, नाहीतर पिवळे पडतात. आपल्याकडं पहाटे गारठा, गोव्याचा हिशोब इथं चालत नाही. म्हणून १० तारखेत दोन दिवस जादाच धरलेत.

— मागच्या डोंगराला गहू चालेल. पुढं नको, मेंढरं त्यात बुडतात!

— पिंजर (वाळलेलं गवत) कोरडंच हवं, म्हणून ट्रेखाली प्लास्टिक अंथरा. दिव्यांची माळ एलईडीचीच, वायरीचे जोड पिंजरात पुरू नका. आणि बाळ येशू आधीच ठेवू नका, त्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामीच. तीन राजे तर कोपऱ्यात लांब, एपिफनीला (जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाला) जवळ येतात.