निरोध, प्रतिबंध की निष्क्रिय करणे? (चहाच्या पानातलं विकर)

शैवाल: चहाच्या पानांवरचा एक लेख मराठीत करतेय. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) 'इन्हिबिशन'ला, म्हणजे त्याचं काम रोखण्याला, मी 'निरोध' लिहिलं. संपादक म्हणाले, वाचक हसतील, 'प्रतिबंध' करा. मला प्रतिबंध म्हटलं की डास आणि लसी आठवतात. काय वापरावं?

खडूफळा: हसणारच. 1968 पासून सरकारनेच तो शब्द कंडोमच्या पाकिटावर छापलाय. वर्गात 'विकर-निरोधक' म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकते. तरी अर्थाने तोच चपखल. पतंजलींचा चित्तवृत्तिनिरोध घ्या ना, वृत्ती मारायच्या नाहीत, आवरायच्या. प्रतिबंध म्हणजे आधीच अटकाव, तो इथे बसत नाही.

मळेकर: आधी पानात काय होतं ते बघा, मग शब्द. हे विकर तांबंयुक्त. अखंड पानात ते हरितलवकात (पेशीतल्या हिरव्या कणांत) आणि कॅटेचिनं, म्हणजे चहातली तुरट द्रव्यं, रिक्तिकेत (पेशीतल्या रसाच्या पिशवीत), त्यामुळे गाठच पडत नाही. पान चुरगळलं की पेशी फुटतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि कॅटेचिनांपासून थिआफ्लेविनं, थिआरुबिजिनं ही रंगद्रव्यं बनतात. हिरवा चुरा बघता बघता तांबूस होतो. सामू (pH) 5 ते 6 च्या आसपास विकर जोमात असतं. हिरव्या चहाला हे नकोच असतं, म्हणून जपानात ताज्या पानांना वाफ देतात, चीनमध्ये बहुधा तापल्या कढईत परततात. चिनी लोक या पायरीला 'शाछिंग' म्हणतात, म्हणजे हिरवं मारणं! उष्णतेने प्रथिनाची घडीच उलगडते. याला निरोध कसं म्हणणार?

शैवाल: अहो, पण मूळ लेखात वाफ आणि ट्रोपोलोन हे रसायन, दोन्हींना इन्हिबिशनच म्हटलंय.

मळेकर: ढिलाई आहे ती. ट्रोपोलोन विकरातल्या तांब्याला धरून बसतं. अळिंबीतल्या याच कुळातल्या विकरावर पाहिलंय, जास्तीचं तांबं दिलं की रोध उठतो. वाफवलेलं पान असं उठून बसत नाही.

आलंवाला: मग कोऱ्या चहात लिंबू पिळल्यावर रंग उतरतो, तो निरोधच ना?

मळेकर: नाही हो. काळ्या चहातलं विकर कारखान्यात शेवटी वाळवतानाच संपतं. आम्लात थिआरुबिजिनांचा रंग फिका पडतो, एवढंच. चिरलेल्या सफरचंदावर लिंबू पिळता, तिथे मात्र विकर जिवंत असतं. आम्लाने सामू खाली जातो, विकर मंदावतं. शिवाय क जीवनसत्त्व तयार झालेल्या क्विनोनांना (ज्यांच्यापासून तपकिरी रंग बनतो त्या द्रव्यांना) परत मागे फिरवतं, त्याला तर विकराचा निरोध म्हणूच नये.

शैवाल: ठीक. वाफेला 'निष्क्रिय करणे', ट्रोपोलोनला 'रोधन'. संपादकही गप्प.

खडूफळा: 'रोधन' सुटं नको. छापताना त्याचं 'रोदन' होतं, आणि विकर रडायला लागतं. 'विकररोध' करा.