तळवटावरची साखळी तुटते ती नेमकी कुठे?

निशाचर_पिंगळा (धागाकर्ता)
'तळवट' या काल्पनिक वसाहत-ग्रहाचा आराखडा वाचून राहवलं नाही. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. ज्यांनी तो वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: थाळझाड, त्याच्या बोंडात अंडी घालणारा आणि त्याचं परागण करणारा किडा भुरभुरी, आणि ती बोंडं खाऊन झाडाखाली लेंड्या टाकणारा सहापायी गवा. वसाहतवाले भुरभुरीवर औषध मारतात आणि एका हंगामात अख्खा खंड उजाड होतो. त्याच पानावर त्यांचं स्वतःचं सोयाबीन मात्र पहिल्याच वर्षी कमरेएवढं.

दोन्ही उलट आहे. परागण करणारा किडा गेला म्हणून झाड मरत नाही, फक्त त्याला पोर होत नाही. १८८०च्या दशकात कॅलिफोर्नियात स्मर्ना अंजीर नेलं. झाडं वाढली, पानांनी भरली, फळं मात्र गोटीएवढी होऊन गळत राहिली. १८९९ मध्ये त्याचं परागण करणारी बारीक गांधीलमाशी तिथे रुजली तेव्हा कुठे अंजीर धरलं. मधल्या काळात साखळी तुटली म्हणून झाडं वाळली नाहीत. तळवटावरही पहिल्या पिढीला हिरवं रानच दिसेल. रोपं नाहीत हे कळायला चाळीस वर्षं जातील. पहिल्या हंगामात कोसळेल ते आपण सोबत अर्धवट नेलेलं पीक.

वेलदोडा
झाडापुरतं बरोबर, रानापुरतं चूक. उंबर घ्या. त्याच्या गांधीलमाशीची मादी उंबराच्या तोंडाच्या भोकातून आत घुसते. तिथे खवल्यांसारखी पानं एकावर एक दाबून बसलेली असतात, त्यांतून रेटताना तिचे पंख तुटतात, मिशांची टोकं मोडतात. आत परागण करून, अंडी घालून ती तिथेच मरते. बाहेर तिचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. म्हणून परिसरातलं कुठलं ना कुठलं झाड त्या दिवसांत तयार असावंच लागतं. झाडं तोडून मोजकीच ठेवलीत की मध्ये काही आठवडे एकही झाड तयार नसतं, आणि किडा त्या भागातून नाहीसा होतो. मग धनेश, वटवाघळं, उदमांजरं उन्हाळ्यात काय खाणार? इतर फळं नसताना त्यांचा आधार वड-उंबरच. म्हणजे गवा एका हंगामात मरू शकतो. आराखडा तिथे बरोबर आहे.

निशाचर_पिंगळा
किडा नाहीसा झाला म्हणजे कायमचा गेला असं नाही. आफ्रिकेतल्या नामिबच्या वाळवंटात याच कुळातल्या गांधीलमाश्या वाऱ्यावर शंभराहून जास्त किलोमीटर वाहत जाऊन झाड गाठतात. दोन मिलिमीटरचा किडा! गव्याचं मात्र मान्य करतो. 'खंड उजाड' मान्य नाही.

वेलदोडा
शंभर किलोमीटरवरून यायला तिकडे झाडं शिल्लक हवीत. तुमच्या वसाहतवाल्यांनी सगळीकडे औषध मारलंय.

काजळमाती
तुमचं अंजीर-उंबर चालू राहू द्या, पण सोयाबीनचा मुद्दा कुणी हातात घेतलाच नाही. मूग, चवळी आपल्या मातीत पेरली की मुळांवर गाठी धरतात, कारण हवेतलं नत्र रोपाला देणारे त्यांचे जिवाणू इथे मुळातच आहेत. सोयाबीन पाहुणं पीक, त्याला त्याचाच रायझोबियम (गाठी करणारा जिवाणू) लागतो. आपल्याकडे ज्या रानात ते कधीच घेतलं नाही तिथे बीजप्रक्रिया (बियाण्याला जिवाणू लावणं) न करता पेरा, पीक महिन्याभरात पिवळं पडायला लागेल. तळवटावर तर तो जिवाणू शून्य.

प्रक्रिया नीट करायची तर: १० किलो बियाण्याला जिवाणूंचं २५० ग्रॅमचं एक पाकीट. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. गरम राहिलं तर जिवाणू मेलेच. त्यातलं पाणी बियाण्यावर ते ओलसर होण्यापुरतंच शिंपडा, पाकीट टाका आणि हलक्या हाताने खालीवर करा. सोयाबीनची साल पातळ असते. चोळलं की ती निघते आणि उगवण घटते. बुरशीनाशक लावायचं तर आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. उन्हात पसरलं की काम फुकट.

तर्कट
दुसऱ्या ताऱ्यापर्यंत जाणाऱ्यांना युरिया करता येणार नाही? कशाला पाकिटं आणि गूळ! शिवाय एकदा पेरलं की हे जिवाणू जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. दरवर्षी प्रक्रिया सांगणं म्हणजे नुसता पाकिटांचा खप.

काजळमाती
युरियासाठी आधी अमोनिया लागतो. त्याला लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे-साडेचारशे अंश तापमान, दीडशे-दोनशे वातावरणांचा दाब आणि अखंड हायड्रोजन लागतो. एक व्हॉल्व्ह गेला की पुढचं पीक गेलं. तेच काम मुळावरची गाठ हवेच्या दाबावर करते. आणि युरिया ढिगाने टाकलात तर सोयाबीन गाठी धरतच नाही, आयतं मिळतंय म्हटल्यावर रोप जिवाणूला पोसत नाही. मग युरिया कायमचा गळ्यात.

टिकण्याचं म्हणाल तर चांगल्या, ना आम्ल ना विम्ल अशा जमिनीत टिकतात, हे खरं. आम्ल जमिनीत, किंवा उन्हाळाभर तापलेल्या कोरड्या वरच्या थरात संख्या घसरते. गाठी न बघता 'टिकतात' म्हणू नका. पाकिटांच्या खपाचा आरोप मागे घ्या. ती इथली स्वस्तातली निविष्ठा आहे.

तर्कट
आरोप मागे. दाबाचंही पटलं. पण तुम्ही सगळे मूळ प्रश्न चुकवताय. तिथल्या जीवांची प्रथिनं उजव्या घडणीची, म्हणजे आपल्या प्रथिनांची आरशातली प्रतिमा असावी तशी असली तर आपली डाव्या घडणीची पचनसंस्था त्यांना हात लावू शकत नाही, आणि ते आपल्याला. मग कसली आलीय परस्परावलंबी साखळी? तिथली कीड आपल्या पिकाला शिवणार नाही. फायदाच.

रानवारा
फायदा नाही, तोच मोठा घोटाळा. कुणी कुणाला खात नाही म्हणजे कुणी कुणाला कुजवतही नाही. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर याच पृथ्वीवरचं आहे. १७८८ च्या पहिल्या ताफ्याबरोबर गुरं गेली, शेणकिडे गेले नाहीत. तिथल्या शेणकिड्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय, गाईचं ओलं शेण त्यांना पेलेना. एक गाय दिवसाला दहा-बारा पो टाकते. ते महिनोन्‌महिने तसेच वाळून पडून राहिले. खालचं गवत मेलं, भोवतीच्या उंच गवताला गुरं तोंड लावेनात, नत्र शेणातच अडकलं आणि शेणात माश्यांची पैदास. शेवटी १९६८ पासून बाहेरचे शेणकिडे सोडायला सुरुवात झाली. तेही थेट नाही: अंडी वेगळी काढायची, वरून निर्जंतुक करायची, हाताने वळलेल्या शेणाच्या गोळीत ठेवायची, म्हणजे गोचिडवर्गी माइट आणि रोग सोबत जात नाहीत.

तळवटावर याची पुढची पायरी. थाळझाडाचा पालापाचोळा आपल्या बुरशीला पचणार नाही, आपला काड-कुटार तिथल्या बुरशीला नाही. दोन्हीत स्फुरद (फॉस्फरस) अडकत जाणार.

तर्कट
जिवाणूंना कमी लेखू नका. त्यांच्या पेशीभित्तीत उजव्या घडणीचं ॲलनीन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) मुळातच असतं, आणि एक घडण दुसरीत बदलणारी विकरंही (एन्झाइम) त्यांच्याकडे आहेत. काही ना काही पचवायला शिकतीलच.

रानवारा
एक अमिनो आम्ल पलटवणं वेगळं आणि अख्खं प्रथिन तोडणं वेगळं. आधी साखळी तोडणारं विकर हवं, ते घडणीला चिकटून असतं. शिकतील, पण पहिल्या शंभर हंगामांत मी तरी धरून चालणार नाही. उगाच उंबर फोडून केंबरं उडवू नका.

आणि बंद घुमटाखाली शेती करू म्हणणाऱ्यांनी ॲरिझोनातलं बायोस्फिअर २ हे बंद काचघर बघावं. सप्टेंबर १९९१ ला आठ माणसं आत गेली. सेंद्रिय द्रव्य ठासून भरलेल्या मातीतल्या जीवाणूंनी ऑक्सिजन ओढला, २०.९ टक्क्यांवरून १४.५ च्या आसपास आला. तेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत दिसायला हवा होता, दिसला नाही. न लिंपलेल्या काँक्रीटने तो शोषून चुनखडी केली होती. १९९३ च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. परागण करणारे सगळे किडे मेले, मुंग्या आणि झुरळं माजली. म्हणजे साखळीतली कडी भिंतसुद्धा असते. आराखड्यात वसाहतीच्या भिंती कशाच्या, हे लिहिलेलंच नाही.

वेलदोडा
भिंतीचं सुचलं नव्हतं. बायोस्फिअर २ पूर्ण फसलं असा सूर मात्र नको. आठ माणसांनी दोन वर्षं जवळजवळ सव्वा हेक्टरच्या काचघरात आपलं बहुतेक अन्न तिथेच पिकवलं.

रानवारा
फसलं असं मी लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा.

तळवटकर (आराखडा माझा)
सोयाबीनचं पान काढून टाकतोय. खंड उजाड होण्याचा भाग ठेवणार, पण आधी गवा मरेल, झाडं उभी राहतील. काजळमाती, जहाजात पाकिटं किती धरू?

काजळमाती
पाकिटं नकोत, साध्या साठवणीत सहा महिन्यांपलीकडे त्यांचा भरवसा नाही. जिवाणूचं गोठवून वाळवलेलं मूळ वाण काचेच्या सीलबंद कुप्यांत न्या, वेगवेगळ्या कोठारांत. उतरल्यावर यीस्ट-मॅनिटॉलच्या माध्यमावर (जिवाणू वाढवायचं खाद्य) २८ अंशांना वाढवा. हा सावकाश वाढणारा जिवाणू आहे, आठवडा तरी थांबायचं. दोन दिवसांत बशी भरली तर ती भेसळ समजा. माध्यमात काँगो रेड हा रंग घाला. आपल्या जिवाणूचे ठिपके फिकट राहतात, लाल होणारे बहुतेक दुसऱ्या कुणाचे.

पेरल्यावर पस्तीस-चाळीस दिवसांनी रोप उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. खुरप्याने मातीसकट काढा, पाण्यात धुवा, गाठ नखाने कापा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र चालू. हिरवट किंवा पांढरी निघाली तर त्या पेऱ्यातून बियाणंही धरू नका, दुसरी कुपी फोडा.