आमच्याच कॉलेजात एचओडीच्या (विभागप्रमुखाच्या) जागेसाठी अर्ज: तयारी कशी करावी?

प्रश्न: यंत्रविद्या
पुण्यातलं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेज, मेकॅनिकल विभाग, इनटेक (दरवर्षीची प्रवेशक्षमता) 60. सध्याचे एचओडी निवृत्त होताहेत. प्राचार्यांनी नोटीस लावली आहे: विभागातल्या पात्र शिक्षकांनी दहा दिवसांत अर्ज करावेत. मी सहायक प्राध्यापक, पीएचडी झालेली, अनुभव 11 वर्षं. अर्जात काय लिहायचं आणि मुलाखतीत काय विचारतात? विभागात माझ्याहून सीनियर दोघे आहेत.

चौथा मजला
आधी नोटीस नीट वाचा. एचओडी हा कार्यभार असतो, सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक ही पदं. दोन्हींची गल्लत फार होते. एचओडी झालात म्हणून पद बदलत नाही आणि वेतनश्रेणीही नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची अखिल भारतीय परिषद) 2019 च्या नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापकासाठी पीएचडी, एकूण 8 वर्षांचा अनुभव, त्यातली किमान 2 वर्षं पीएचडीनंतरची, आणि 6 शोधनिबंध लागतात. त्यासाठी निवड समिती वेगळी बसते. तुम्ही यात बसत असाल तर तो अर्ज स्वतंत्र करा, या अर्जात घुसडू नका.

आदेश हातात पडला की तीन गोष्टी बघा: मुदत किती, भत्ता किती, आणि शिकवण्याचा लोड किती कमी होणार. लोडबद्दल आदेशात काहीच नसेल तर तो कमी होत नाही, हे धरून चाला.

लोडशीट
अर्ज दोन पानांचा पुरे. बायोडेटा सोबत जोडा, पण त्या दोन पानांत विभाग दिसला पाहिजे. पहिल्या पानावर आकडे. इनटेक 60 म्हणजे दुसरं, तिसरं, चौथं वर्ष मिळून 180, शिवाय डिप्लोमाकडून थेट दुसऱ्या वर्षाला येणारे 10 टक्के, म्हणजे दरवर्षी 6 प्रमाणे 18. एकूण 198. एनबीएसाठी (अभ्यासक्रमांना मानांकन देणारं मंडळ) 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक धरला तर 10 शिक्षक हवेत. तुमच्याकडे प्रत्यक्षात नियमित किती आहेत, पुढच्या दोन वर्षांत कोण निवृत्त होतंय, हे लिहा.

मग लोड, म्हणजे आठवड्याचे शिकवण्याचे तास. इथे हमखास चूक होते. आठवड्याला 3 लेक्चर आणि 2 तासांचं एक प्रॅक्टिकल असलेला विषय अनेक जण 5 तासांचा धरतात. 20 च्या तीन बॅच असल्या की प्रॅक्टिकलचेच 6 तास होतात, म्हणजे विषय 9 तासांचा. सहायक प्राध्यापकाचा लोड 16 तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांचा 14. हा हिशेब चुकला की ऑगस्टमध्ये टाइमटेबल कोसळतं आणि व्हिजिटिंगवाल्यांची (तासांवर येणाऱ्या बाहेरच्या शिक्षकांची) शोधाशोध सुरू होते.

दुसऱ्या पानावर पहिल्या वर्षाची फक्त तीन कामं, प्रत्येकापुढे महिना. "संशोधन संस्कृती रुजवणे" वगैरे वाक्यं गाळा, ती सगळ्यांच्याच अर्जात असतात.

सीओपीओ
मुलाखतीत अटेनमेंटवर, म्हणजे विषयाची ठरवलेली उद्दिष्टं विद्यार्थ्यांनी किती गाठली यावर, हमखास येतात. ते साधारणपणे 3 पैकी मोजतात. सूत्र पाठ म्हणून चालत नाही, तुमच्याच विभागाचा एक विषय करून जा. समजा परीक्षांच्या गुणांवरून प्रत्यक्ष मोजणी 2.1, विद्यार्थ्यांच्या सर्व्हेतून 2.6 आणि कॉलेजचं वजन 80:20. मग 1.68 अधिक 0.52, म्हणजे 2.20. पुढचा प्रश्न ठरलेला: टार्गेट 2.4 होतं, मग काय केलं? कोर्स फाइलमध्ये "एक्स्ट्रा लेक्चर घेतले" एवढंच असेल तर पकडतात. कोणत्या युनिटला, कोणत्या तारखेला, आणि पुढच्या बॅचला फरक किती पडला, हे सांगता आलं पाहिजे. सर्व्हेचे आकडे सगळीकडे 2.8 च्या पुढे असले की समितीतल्या जाणत्या माणसाला लगेच कळतं की फॉर्म एका बैठकीत भरलेत.

यंत्रविद्या
आभार. सीनियर सहकाऱ्यांचं काय करावं?

चौथा मजला
अर्ज देण्याआधी दोघांनाही स्वतः जाऊन सांगा. नोटीस बोर्डावरून कळलं तर पुढे प्रत्येक मीटिंग जड जाते. "सीनियरिटी डावलून तुम्हाला का?" हे मुलाखतीत विचारतीलच. तेव्हा त्यांच्या उणिवा काढू नका. त्यांच्याकडे कोणतं काम सोपवाल ते सांगा. जुन्या लॅबच्या मांडणीची माहिती बहुधा त्यांनाच असते.

डेडस्टॉक
निवड झालीच तर चार्ज घेताना घाई नको. डेडस्टॉक रजिस्टर (विभागाच्या टिकाऊ सामानाची नोंदवही) घेऊन लॅब असिस्टंटसोबत प्रत्येक लॅब फिरा, वस्तूवरचा नंबर रजिस्टरशी जुळवा. मेकॅनिकलला गोंधळ मशीनचा नसतो, व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि डायल गेजचा असतो. जे सापडत नाही त्याची यादी करा, तिच्यावर जुन्या आणि नव्या एचओडींची सही, एक प्रत प्राचार्यांकडे. मोडीत काढायच्या वस्तू समितीच्या ठरावाशिवाय रजिस्टरमधून कमी करू नका. सॉफ्टवेअरच्या लायसन्सची मुदत आणि अडकलेली बिलं त्याच दिवशी लिहून घ्या. कोरी सही केलीत की सगळी तूट तुमच्या नावावर.