लॉक उतरताना दोर बांधायचा की हातात धरायचा?

प्रश्न
इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब अरुंद बोट, भाड्याने घेतलीय, ५७ फुटी. काल लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारा, दोन्हीकडे दारं असलेला कप्पा) उतरताना बोट हलू नये म्हणून मी बोटीच्या मध्यावरचा दोर काठावरच्या खुंट्याला पक्का बांधला आणि नवऱ्याला पाणी सोडायच्या झडपा उघडायला मदत करायला गेले. पाणी उतरलं, बोट एका बाजूने लटकलेलीच. कपाटातल्या बश्या घसरल्या तेव्हा कळलं. गाठ सुटेना. नवऱ्याने झडपा पटकन बंद केल्या म्हणून वाचलो. पुढे बारा लॉक आहेत, मला धास्ती बसलीय.

उत्तर
ताई, झडपा बंद केल्यात हे अगदी बरोबर. त्यानंतर वरच्या दाराकडच्या झडपा हळूहळू उघडून पाणी भरायचं. बोट वर आली की दोराचा ताण जातो, मग गाठ सुटते. ताणलेल्या दोराला हात लावू नका.

उतरताना गाठ मारायचीच नाही. खुंट्याला एक वेढा द्यायचा, मोकळं टोक हातात ठेवायचं आणि पाणी उतरेल तशी ढील देत जायची. पंधरा-वीस टनांची बोट हाताच्या जोराने थांबत नाही, खुंट्यावरच्या घर्षणाने थांबते. मात्र दोर हाताला गुंडाळायचा नाही. मी एकदा गुंडाळला होता. बोटीने हिसका दिला आणि करंगळी दोर नि खुंटा यांच्यात चेंगरली. ती अजून पूर्ण वळत नाही, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. जमिनीवरच्या वेटोळ्यात पायही नको.

७ फुटी अरुंद लॉकमध्ये उतरताना बहुतेक वेळा दोर लागतही नाही. एकाने सुकाणू सोडायचं नाही, बोट इंजिनावर पुढे धरायची. वरच्या दाराशी पाण्याखाली सिल म्हणजे उंबरठा असतो. काठावरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढे बोटीची मागची बाजू हवी. ती सिलवर टेकली तर बोट पुढून बुडू शकते.

प्रश्नकर्ती
मधला दोर पाण्यात पडला तर?

दुसरं उत्तर
बोटीच्या मागे पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्यापर्यंत पोचणार नाही एवढाच लांब ठेवा. अडकलाच तर इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच वीड हॅचचं, म्हणजे पंख्यापर्यंत हात पोचवायच्या खिडकीचं, झाकण उघडायचं. आणि रात्री मधल्या दोरावर बोट बांधून ठेवू नका. शेजारून दुसरी बोट गेली की तुमची कलते. पुढचा आणि मागचा दोर तिरपे बांधा.

प्रश्नकर्ती
आज तीन लॉक उतरलो. सुकाणूवर मी, झडपांवर नवरा. दोर छतावर गुंडाळलेलाच राहिला.