मदत हवी आहे: मॅट लॅमिनेशनवर सोनेरी फॉइल धरत नाही

नमस्कार मंडळी. लातूरला आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, मिठाईचे खोके, वह्या-डायऱ्यांची कव्हरं अशी कामं. वडिलांच्या जुन्या ट्रेडल छपाईयंत्राला हीटर बसवून यंदा हॉट फॉइल सुरू केलंय.

यात शाई नसतेच. तापलेला धातूचा ब्लॉक फॉइलला कागदावर दाबतो, उष्णतेनं रंगाचा थर पॉलिएस्टरच्या फिल्मवरून सुटतो आणि मागच्या गोंदानं कागदाला बसतो. सोनेरी दिसतं ते सोनं नव्हे; ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर आणि त्यावर पिवळसर लॅकर. एवढं कळलंय. साध्या आर्ट कार्डावर (गुळगुळीत लेपाचा जाड कागद) ११० अंशाला गणपती असा लखलखीत उठतो की बघत राहावं!

अडचण मॅट लॅमिनेशनच्या, म्हणजे वर बिनचमकीची पातळ प्लास्टिक फिल्म चढवलेल्या, कार्डावर आहे. तिथं फॉइल तुटक बसतं, नखानं खरवडलं की निघतं. उष्णता वाढवून पाहिली, तर चमक मेली, लॅमिनेशनला फोड आले आणि ‘श्री’ची पोकळी, अनुस्वार भरून गेले. आपल्या लिपीत वेलांट्या-रफार बारीक, त्यामुळे हे लगेच डोळ्यांत भरतं. ब्लॉक झिंकचा आहे.

लॅमिनेशनसाठी वेगळ्या गोंदाचं फॉइल घ्यावं लागतं का? पितळी ब्लॉकनं बारीक अक्षर सुधारेल का, की दाब आणि ब्लॉक टेकण्याचा वेळच चुकतोय? नांदेड, संभाजीनगरकडं कुणी हे काम करत असेल तर मी नमुने घेऊन यायला तयार आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिका हातात आहेत. कुणाच्या घरची पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची असते, ती डागाळलेली द्यायला मन होत नाही.