मदत हवी आहे: रंगवल्यानंतर डंजनच्या फरश्यांचे कोपरे वर उचलले जातात

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर पात्रे घेऊन खेळायच्या खेळासाठी सुटे तुकडे जोडून हवे तसे भुयार (डंजन) मांडता यावे, म्हणून गेले तीन महिने मी फरश्या आणि भिंती तयार करत आहे. चोवीस फरश्या रंगवून झाल्यावर त्यांतला एक दोष ध्यानात आला असून त्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

प्रत्येक फरशी 6 इंच लांब-रुंद आहे. 1 इंचाच्या चौकोनाला खेळातले 5 फूट धरले, तर 30 फुटांची खोली एका फरशीत मावते. वरचा थर 12 मिलिमीटर जाडीच्या एक्सपीएस फोमचा (मणी नसलेल्या, घट्ट, एकसंध फोमचा) आहे. (साध्या थर्माकोलचे मणी कापताना सुटतात आणि बारीक रेघ त्यावर नीट उमटत नाही, त्यामुळे तो पहिल्याच आठवड्यात बाद केला.) त्याखाली 2 मिलिमीटरचा पुठ्ठा पीव्हीए गोंदाने (लाकडाला वापरतात त्या पांढऱ्या गोंदाने) चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवला होता. दगडांच्या सांधी बॉलपेनने दाबून काढल्या आणि ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा वरून फिरवून दगडाचा खडबडीतपणा आणला. स्प्रे प्रायमरमधल्या (रंगाआधी फवारायच्या अस्तरातल्या) द्रावकाने फोम विरघळतो, हे मला एका सुंदर दरवाजाची चाळण झाल्यावर कळले. तेव्हापासून काळा ॲक्रिलिक रंग आणि पीव्हीए गोंद यांचे मिश्रण ब्रशने लावतो. त्याचे दोन जाड हात, वर करड्या रंगाच्या दोन छटांचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग) आणि शेवटी पातळ तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग), असा क्रम आहे. दिसायला फरश्या झकास झाल्या आहेत, एवढे अभिमानाने सांगतो.

अडचण पुढेच आहे. काळा हात वाळला, की फरशीचे चारही कोपरे वर येतात. सपाट काचेवर ठेवून मोजले, तेव्हा सर्वांत वाईट फरशीचा कोपरा 3 मिलिमीटर उचललेला निघाला. अशी फरशी मधल्या भागावर टेकून डुगडुगते. कोणी फासे टाकले, की टकटक आवाज होतो आणि कडेला उभी असलेली मिनिएचर (पात्राची छोटी मूर्ती) आडवी होते. त्याहून मोठा घोटाळा चुंबकांचा आहे. प्रत्येक कडेला बाहेरून पाहताना डावीकडे उत्तर आणि उजवीकडे दक्षिण ध्रुव बाहेर येईल, अशी चुंबकांची जोडी मी बसवली आहे, त्यामुळे फरशी कशीही फिरवली तरी जोडली जायला हवी. मात्र कडा वाकल्यामुळे समोरासमोरची चुंबके एका उंचीवर येत नाहीत, आणि फरश्या चिकटण्याऐवजी तिरक्या होऊन बसतात.

गोंद वाळल्यावर, म्हणजे रंगापूर्वी, याच फरश्या सरळ होत्या, हे मी तपासले होते. शिवाय भिंतीचे तुकडे त्याच फोमचे, त्याच मिश्रणाने रंगवलेले असूनही अजिबात वाकलेले नाहीत. फरक इतकाच, की त्यांना पुठ्ठा नाही आणि रंग सर्व बाजूंनी लावलेला आहे. त्यावरून वाटते, की फक्त वरच्या बाजूला लावलेला जाड थर वाळताना आक्रसतो आणि फोमला आपल्याकडे ओढतो. पुठ्ठ्याचा यात किती हात आहे, हे मात्र मला ठरवता येत नाही. वाकलेल्या काही फरश्या जाड पुस्तकांखाली दोन दिवस दाबून ठेवल्या, तर त्या सरळ झाल्या आणि आठवड्याभरात पूर्ववत वाकल्या.

आता पुठ्ठ्याच्या खालच्या बाजूला तेच मिश्रण तितक्याच जाडीने लावले, तर उलट ताण येऊन फरशी सरळ होईल का, की ओलाव्याने पुठ्ठा फुगून दुसरीच भानगड उभी राहील? पुठ्ठा सोलून काढावा, तर चुंबकांची भोके फोम आणि पुठ्ठा यांच्या सांध्यालगतच आहेत आणि ती फाटण्याची भीती वाटते. ज्यांनी रंगवून झालेल्या फरश्या खरोखर सरळ केल्या आहेत, त्यांनी थरांची जाडी आणि वाळवण्याची पद्धत यांसह लिहावे. तोवर मी सर्वांत वाकड्या फरशीला खालून एक हात लावून काचेवर ठेवत आहे.