आवक, उत्पन्न, विषमता, तफावत : कुठे कोणता शब्द?

(वडोदऱ्यातल्या चौघांची चर्चा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा भाग दिला आहे.)

दांडिया बाजार, वडोदरा : गुजराती मजकुरावरून केलेल्या टिपणात ‘आवकेतील असमानता’ असं आलं आहे. चालेल का? आणि ‘विकासदर वाढला की दरी वाढते’ या वाक्यात विकास, वृद्धी, दरी, तफावत यांपैकी नेमकं काय हवं?

रावपुरा : ‘आवक’ अजिबात नको. गुजरातीत माथादीठ आवक, आवकवेरो. मराठीत आवक होते ती बाजार समितीत कांद्याची, नाहीतर आवक-जावक वहीत टपालाची. इथे ‘उत्पन्न’च हवं : दरडोई उत्पन्न, उत्पन्नातील विषमता. (करापुरता ‘प्राप्तिकर’ रूढ आहे.) ‘मिळकत’ही टाळा. तिच्यात घर-जमीन येते, आणि संपत्तीची विषमता हा निराळा हिशेब.

कारेलीबाग : देशाचं एकूण उत्पादन वाढलं तर ‘वृद्धी’. शिक्षण, आरोग्य, राहणीमान सुधारलं तर ‘विकास’. टक्केवारीसोबत वृद्धिदरच लिहा.

‘तफावत’ आणि ‘विषमता’ यांत मात्र खरी गल्लत होते. एकाचं उत्पन्न १०,००० वरून २०,००० झालं, दुसऱ्याचं १ लाखावरून २ लाख. तफावत ९०,००० वरून १,८०,००० वर गेली. विषमता जिथल्या तिथे, कारण दोघांचा वाटा तोच राहिला. विषमता मोजणारा आकडा, म्हणजे गिनी गुणांक, वाटा पाहतो, रुपये नाही. सगळ्यांना सारखं उत्पन्न असेल तर ०, सगळं एकाच्याच हाती असेल तर १ च्या जवळ. ‘दरी रुंदावली’ लिहिलं की वाचकाला यांतलं काय ते कळतच नाही, म्हणून आकड्यांच्या लेखात ‘दरी’ नको.

मांजलपूर : मूळ वाक्यातलं ‘वाढला की’ हेसुद्धा खटकतं; त्यातून हे दरवेळी घडतंच असं वाटतं. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये मांडलं ते असं : वृद्धी होत असताना विषमता आधी वाढते, मग उतरते. हिशेब करून पाहा. गावात १०० कुटुंबं, प्रत्येकी १०,०००. शहरात गेलं की २०,०००. १० कुटुंबं गेली की गिनी ०.०८, ४० गेली की ०.१७, ९० गेली की ०.०५. कुणाचंच उत्पन्न घटलं नाही, तरी आकडा चढला आणि उतरला. पण हा नियम नव्हे. कुझनेट्स यांनीच आपल्या मांडणीत ९५ टक्के तर्क असल्याचं म्हटलं होतं. तैवान, दक्षिण कोरिया यांनी आधी जमिनीचं फेरवाटप केलं आणि विषमता फारशी न वाढता वेगाने वृद्धी साधली. चीनचा अधिकृत गिनी मात्र २००८ मध्ये ०.४९ पर्यंत चढला.

दांडिया बाजार : मग असं : ‘वृद्धीच्या पहिल्या टप्प्यात उत्पन्नातील विषमता वाढू शकते, भारताचा गिनी ब्राझीलपेक्षा कमी आहे.’

कारेलीबाग : पहिला भाग ठीक. दुसऱ्यात ‘उत्पन्न’ तपासा. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून काढलेला गिनी घरखर्चाचा असतो, ब्राझीलचा उत्पन्नाचा. सधन घरं बरंच शिल्लक टाकतात, म्हणून खर्चाचा गिनी कमीच दिसतो. तिथे ‘उपभोगखर्चातील विषमता’ लिहा आणि तुलना काढून टाका.